टाकी अजून आली नाही

राहाता,
१६ जून २०२५

प्रिय महमूद,
सलाम.

ठण्ण, ठण्ण... आणि मग जरा थांबून, ठण्ण.

आज सकाळी दाढी करत होतो. समोरच्या गॅरेजमध्ये कुणीतरी लोखंडावर लोखंड मारलं आणि माझा हात गालावरच थांबला. निंबदरा स्टेशनच्या फलाटावर टांगलेला रुळाचा तुकडा आठवतो ना? गाडी सुटली की तुझे अब्बा त्यावर सळईनं ठोके द्यायचे. मग कडुनिंबावरचे कावळे उडायचे आणि आपण दोघं चड्डी सावरत फलाटाकडे पळायचो. सत्तावन्न वर्षं झाली. तुझे कान प्रेसशॉपनं खाल्ले, आपलं फोनवरचं बोलणं बंद झालं. पण तो ठोका कुठल्या कारखान्याला खाता आला नसेल.

आराधनानं जर्मनीहून छोट्या घरांचा तिसरा संच पाठवलाय. तिची आई गेल्यापासून तिला वाटतं, पप्पांच्या हातांना काम हवं. खोक्यावर स्टेशनचं चित्र आहे, छप्पर उभं, बर्फ घसरून पडावा म्हणून! ते मी कानशीनं घासून आपल्या मंगळुरी कौलांच्या उतारावर आणलं. भिंती पिवळ्या रंगवल्या, खाली डांबरी पट्टा ओढला. जुन्या दाराची फळी दोन बाकांवर आडवी टाकलीय, तिच्यावर आख्खं निंबदरा बसवायचं. खरं निंबदरा आता कुठं आहे? दुहेरी मार्गाच्या कामात स्टेशनच गेलं. टाकी तर त्याआधीच, वाफेची इंजिनं गेली तेव्हा पाडली. राहिलं ते तुझ्या-माझ्या डोक्यात, आणि माझं डोकं हल्ली संध्याकाळी लवकर मिटतं.

माझे हात थरथरतात. म्हणून स्टेशनची इमारत तुझ्याकडे पाठवतोय. फिटरचा हात लागू दे. आणि पाण्याची टाकी तूच कर, तुला ती माझ्यापेक्षा चांगली ठाऊक. खाली पंपाची दगडी खोली, वर लोखंडी टाकी. तिच्या पलीकडे रुळाचे सांधे बदलायचा लिव्हर, तिथं तुझ्या अब्बांची, रहीमचाचांची पॉइंटमनची ड्यूटी. त्यांच्या पायाशी बसून आपण चिंचा खायचो. अख्ख्या स्टेशनात तेवढीच एक जागा होती, जिथं माझ्या बाबांची नजर पोचायची नाही!

आणि तो गुळाचा दिवस! मालगाडीच्या दोन वाघिणी रुळावरून उतरल्या, ढेपा फुटल्या, सगळं गाव फडकी घेऊन आलं. मी इतका गूळ खाल्ला की रात्री आईनं ओवा दिला. त्यानंतर महिन्याभरात तुम्ही निंबदरा सोडलंत.

फरीदाआपाला सलाम सांग. तुझी बहीण आपल्याहून दीड वर्षानं मोठी, पण सातवीत आपल्याच वर्गात. ती कविता म्हणायला उभी राहिली की गुरुजी छडी खाली ठेवायचे. त्या चालीत मी पुढं पस्तीस वर्षं मुलांना कविता शिकवल्या, हे तिला माहीत नसेल.

डिसेंबरात इथल्या शाळेत प्रदर्शन आहे. तोवर होईल ना?

तुझा,
योहान

*

नागापूर,
२८ जून २०२५

योहान, सलाम.

पार्सल मिळालं. वाटेत दोन खांब निखळले, एक पायरी तुटली. ते केलं. छप्पर लई भारी घासलंस, मास्तरकीत वाया गेलास.

ऑफिसच्या खिडकीची काच पांढरी पडलीय. झटपट गोंद वापरलास ना? त्याची वाफ काचेवर बसते, मग पुसून जात नाही. जुन्या स्टेशनच्या काचा धुरकटच असायच्या, तशीच ठेवू का?

टाकीचं नंतर बघू. आधी क्वार्टर, कुंपण, कडुनिंब करून घे.

आपाला सलाम सांगितला. गुडघ्यांमुळे ती घराबाहेर पडत नाही. कवितेचं वाचून दाखवलं तर म्हणाली, "चाल नेली का? नेऊ दे."

महमूद

*

राहाता,
२० जुलै २०२५

प्रिय महमूद,
सलाम.

आपाचं वाक्य वाचून हसलो, मग उगाच तासभर झोपाळ्यावर बसून राहिलो. हल्ली हसल्यावर थकायला होतं.

काच धुरकट नको, बाबा. स्वच्छच हवी. ती खिडकी या साऱ्या खेळण्याचा डोळा आहे. का, ते आज लिहूनच टाकतो. आपण दोघं यावर कधी बोललो नाही.

गुळाच्या गाडीच्या अपघाताची चौकशी झाली, तेव्हा बाबांनी रेल्वेच्या साहेबांना सांगितलं, "मी खिडकीतून पाहिलं. गाडी आली तेव्हा रहीम लिव्हरपाशी नव्हता." तुझ्या अब्बांना मी दोष देत नाही. माणूस थकतो, कुठं सावलीला डोळा लागतो. पण स्टेशनमास्तर शामुवेल उजागरे यांनी त्या दिवशी आपल्या जिवलग माणसाविरुद्ध खरं सांगितलं, आणि त्याचं ओझं जन्मभर वाहिलं. मी नावं न घेता ही गोष्ट दर वर्षी वर्गात सांगायचो. खरं बोलणं किती जड असतं, ते मुलांना कळावं म्हणून. वर्ग कसा गप्प व्हायचा!

प्रतिकृतीपुढं छोटा बोर्ड लावीन म्हणतो. "खिडकीतून जे दिसलं तेच सांगणाऱ्या स्टेशनमास्तर शामुवेल उजागरे यांच्या स्मृतीस." तुला चालेल ना? तुझ्या अब्बांचं नाव कुठंही नाही.

क्वार्टर झालं. कडुनिंबाला वाळलेल्या मारव्याच्या काड्या लावल्या. फक्त टाकीची जागा रिकामी आहे, पडलेल्या दातासारखी. जीभ सारखी तिथंच जाते.

योहान

*

नागापूर,
९ ऑगस्ट २०२५

योहान, सलाम.

काच बदलली. गोळ्यांच्या पाकिटाचं प्लॅस्टिक कापून बसवलं. बीपीच्या गोळ्या, तीन पाकिटं बाद झाली तेव्हा एक सरळ निघालं. धुरकट काच तशीच पाठवणार होतो, पण हातून खराब काम जात न्हाई. चाळीस वर्षांची खोड. इमारत कुरियरनं पाठवलीय, उघडताना खालून धर.

टाकी केली होती. रंग वाळत ठेवला, तर आपाचं मांजर तिच्यावर बसलं. आता पुन्हा करायची म्हणजे वेळ लागंल. डोळ्याला भिंग लावून मान दुखते. मला विचारशील तर टाकी राहू दे. टाकी नसली तरी स्टेशन स्टेशनच दिसतं. शाळेतल्या पोरांनी कुठं वाफेचं इंजिन पाहिलंय?

बोर्डाचं वाचलं. त्यावर मला काही लिहायचं न्हाई.

महमूद

*

राहाता,
३० ऑगस्ट २०२५

महमूद,
सलाम.

खिडकी पाहिली. इतकी नितळ की तिथं काच आहे हेच कळत नाही. बोट लावलं तेव्हा कळलं.

पण टाकीचं मांजरावर ढकलू नकोस. जूनमध्ये "नंतर बघू", ऑगस्टात मांजर. माणूस शब्द कसा गोल फिरवतो, हे मराठीच्या मास्तराला नाही कळणार तर कुणाला? बोर्डाचा तुला राग आला असावा. येऊ दे. पण म्हणून आपल्या लहानपणातून टाकीच काढून टाकायची? तिच्या गळक्या पाण्याखाली आपण पाट्या धुतल्या. आराधना म्हणते तसं आहे, वय झालं की माणसं कामाला नाही, माणसांनाच टाळायला लागतात.

राहू दे. आता मीच करतो. जशी होईल तशी.

योहान

*

(पोस्टकार्ड)

नागापूर, ८ सप्टेंबर

योहान, टाकी बनवू नकोस. माझ्याकडं आहे, तयार आहे. मीच घेऊन येतो. थोडं थांब.
महमूद

*

राहाता,
१४ सप्टेंबर २०२५

महमूद,

तुझं कार्ड काल आलं. टाकी परवाच उभी राहिली.

पंपाच्या खोलीसाठी माझ्या निवृत्तीच्या दिवशी मुलांनी दिलेला लाकडी डस्टर वापरला. त्याच्यावर हिंगाची डबी, काळी रंगवलेली. पलीकडे टाचणीचा लिव्हर. संचातल्या एका जर्मन हमालाची हॅट कापून त्याला टोपी घातली आणि लिव्हरपाशी उभं केलं. रहीमचाचा. उभे केले, बरं का. मनात म्हटलं, इथं तरी त्यांना जागेवर असू दे.

मग वाटलं, बाबांना दिसायचं तसं आपण एकदा पाहावं. स्टेशनची मागची भिंत अजून चिकटवली नव्हती. भुईवर गुडघे टेकले, ते किती दुखले ते सोड, आणि मागून तुझ्या त्या नितळ खिडकीला डोळा लावला.

खिडकीभर हिंगाची डबी होती, महमूद.

डोकं डावीकडं नेलं, उजवीकडं नेलं. डस्टर एक बोट सरकवला, म्हटलं माझीच जागा चुकली. पुन्हा वाकलो. टाचणी दिसेना, हमाल दिसेना. डस्टर आणि डबी, बस्. मग उठून तुझी-माझी पत्रं काढली. माझ्या पत्रांच्या नकला मी ठेवतो, ही जुनी सवय; पहिलं पत्र वाचलं. त्यात मीच लिहिलंय की लिव्हरपाशी बाबांची नजर पोचायची नाही. चिंचा खायला आपण तिथं का बसायचो? खिडकीतून ते दिसत नव्हतं म्हणून! पोरं असताना आपल्याला जे ठाऊक होतं, ते मी पस्तीस वर्षं वर्गात सांगताना एकदाही माझ्या मनात आलं नाही. एकदाही.

म्हणजे बाबांना दिसलंच नव्हतं. त्यांना काही दिसणं शक्यच नव्हतं. चौकशी साहेब आले त्या रेल्वेच्या डब्यात बसूनच झाली, खिडकीपाशी कुणी वाकलं नाही.

निवृत्तीनंतर बाबा कधी खिडकीपाशी बसले नाहीत. खुर्ची भिंतीकडं फिरवून घ्यायचे. मला वाटायचं उन्हाचा त्रास होतो.

तुला माहीत होतं. म्हणून धुरकट काच, म्हणून मांजर. आणि मी तुला काय काय लिहिलं!

खरं काय झालं, सांग. सगळं सांग. मी सत्तरीचा आहे, आता मला सांभाळत बसू नकोस.

योहान

*

नागापूर,
१२ ऑक्टोबर २०२५

योहान, सलाम.

महिना लागला. चार कागद फाडले.

अब्बा लिव्हरपाशीच होते. मास्तरांनी आधी दोन नंबरच्या लाइनचा निरोप दिला, अब्बांनी लिव्हर ओढला. मास्तर विसरले आणि गाडीला एक नंबरचा सिग्नल दिला. सांधा एकीकडं, सिग्नल दुसरीकडं. त्या आठवड्यात तुझी बहीण दया तापानं फणफणली होती. मास्तर तीन रात्री झोपले नव्हते. ते तुला ठाऊक नसंल, तुला मावशीकडं पाठवलं होतं, गुळाच्या दिवशी सकाळीच आलास.

अब्बा चौकशीत गप्प राहिले. घरी अम्मीनं विचारलं, तर म्हणाले, "मास्तरची नोकरी गेली तर पोरीला रेल्वेच्या दवाखान्यातून औषध कोण देईल?" दया वाचली. आमची नोकरी गेली. मास्तर अब्बांच्या नावाचं असं सांगतील, हे मात्र अब्बांना वाटलं नव्हतं. त्यांना वाटलं, दोघं मिळून "कळलं न्हाई" म्हणू.

नगरला आल्यावर अब्बांनी मार्केट यार्डात पोती उचलली. आपानं विड्या वळल्या. सातवीची परीक्षा तीन आठवड्यांवर होती.

एक अजून लिहितो, म्हणजे माझं मन मोकळं होईल. तू नगरच्या शाळेत होतास तेव्हा माझी शबनम तुझ्या आठवीच्या वर्गात होती. घरी आली आणि म्हणाली, "अब्बा, उजागरे सरांनी आज झोपलेल्या पॉइंटमनची गोष्ट सांगितली. आपले दादाअब्बा पण पॉइंटमन होते ना?" मी म्हणालो, "असतात पॉइंटमन लई." त्या दिवशी तुझ्याशी दोस्ती तोडणार होतो. तोडली न्हाई. संध्याकाळी तू रताळी घेऊन आलास, मला ऐकू येत होतं तेव्हा, आणि दोन तास बडबडलास. काय करणार?

अब्बा मोठ्या मनाचे होते. मी न्हाई. मला राग आहे. पण तुझ्या बापाचं नाव तुझ्याच हातानं पुसायला लावावं, इतका न्हाई. म्हणून टाकी दिली नाही.

तुझं पत्र आपाला वाचून दाखवलं. तिनं ते माझ्या हातातून घेतलं, पुन्हा स्वतः वाचलं, घडी घालून उशाखाली ठेवलं. त्या दिवसापासून माझ्याशीही धड बोलत न्हाई. सत्तावन्न वर्षं तिला मी सांगत आलो की योहानला सगळं ठाऊक आहे, पण बापाची लाज म्हणून बोलत न्हाई. असं म्हणणं सोपं होतं. तुला खरंच ठाऊक न्हाई हे तिला आत्ता कळलं.

बोर्डावर काय लिहायचं ते तू ठरव.

महमूद

*

राहाता,
३ डिसेंबर २०२५

प्रिय महमूद,
सलाम.

उशीर केला. तुझं पत्र आल्यावर मी फार दिवस काहीच केलं नाही. सकाळी उठायचं, फळीपाशी जायचं, निंबदऱ्यावरची धूळ रंगाच्या कुंचल्यानं झाडायची, परत यायचं. इतका थकवा मला आराधनाची आई गेली तेव्हाही आला नव्हता. तेव्हा रडता तरी आलं.

दयाला पुण्याला फोन केला. तिला काहीच आठवत नाही, चार वर्षांची होती. म्हणाली, "दादा, मग माझं हे आयुष्य त्यांचं का?" मी म्हटलं, "थोडंफार."

बाबांवर मला रागावता येत नाही, याची लाज वाटते. तीन रात्री न झोपलेला बाप आणि खाटेवर तापलेली पोर, हे डोळ्यांपुढं येतं. मग पोती उचलणारे रहीमचाचा येतात. दोघं एकदम येतात, आणि माझी सगळी पाठ असलेली कविता विसरायला होते. जिथं यमक जुळायचं तिथंच अडखळतो.

काल शाळेत गेलो. प्रदर्शन आहे पुढच्या आठवड्यात, पण मला आधी परिपाठाची दहा मिनिटं हवी होती. मुख्याध्यापिका बाई चांगल्या आहेत, दिली. दोनशे पोरं उन्हात बसली होती. मी सांगितलं, की मी तुमच्या आई-बापांना शिकवलं तेव्हा एक गोष्ट सांगायचो, ती खोटी होती. पॉइंटमन झोपला नव्हता. त्याचं नाव रहीम सय्यद. तो लिव्हरपाशी उभा होता. खोटं बोलले ते स्टेशनमास्तर, आणि ते माझे वडील होते. हे म्हणताना वाटलं, वर्ग पूर्वीसारखा गप्प होईल. कसला गप्प? मागची पोरं दप्तराच्या चेनशी खेळत होती, एक पोरगी शेजारणीची वेणी घालत होती. पाचवीतला एक मुलगा तेवढा उभा राहिला. मी म्हटलं, "विचार."

"सर, मग तो गूळ कोणी खाल्ला?"

"मी खाल्ला," म्हटलं.

"सगळा?"

"मला मिळाला तेवढा."

सगळी हसली. मी पण हसलो असेन. घरी येऊन पडून राहिलो.

बोर्ड दोनदा लिहिला, दोनदा पुसला. बाबांचं नाव काढलं. पण त्या जागी रहीमचाचांचं लिहायला हात धजत नाही. कोणत्या तोंडानं लिहू? तुम्ही दोघं सांगाल ते लिहीन. फरीदाआपाला विचार. ती म्हणाली, सगळी फळी विहिरीत टाक, तर टाकीन. पण तू म्हणतोस ती बोलत नाही. मी तिला वेगळं पत्र लिहायला तीनदा बसलो. "फरीदाआपा" एवढंच लिहून होतं. सातवीच्या वर्गात ती निघून गेल्यावर कवितेचं बक्षीस मला मिळालं होतं, हे तिला सांगावं की नाही, इथंच अडतो.

डस्टर काढून घेतलाय. टाकीची जागा पुन्हा रिकामी ठेवलीय. माझी हिंगाची डबी तिथं शोभत नाही. तुझी टाकी

थांब, दार वाजतंय. पेपरवाला महिन्याचे मागायला आला असेल.

महमूद, पेपरवाला नव्हता.

दारात एक बाई उभी. पांढरा दुपट्टा, हातात काठी, काखेत सुतळीनं बांधलेलं चपलांचं खोकं. मागं रिक्षावाला तिची पिशवी धरून उभा. मी ओळखलं नाही. खरंच ओळखलं नाही. म्हटलं, "कोण हवंय?"

ती म्हणाली, "नगरहून एस.टी.नं आले. अर्ध्या तिकिटात. महमूदला सांगितलं न्हाई, तो येऊ देत न्हाई." मग मला न विचारताच आत आली, एकेक पाय उचलून, आणि थेट फळीपाशी गेली. निंबदऱ्याकडं बघत राहिली. कडुनिंब, क्वार्टर, खिडकी, टाचणीपाशी उभे रहीमचाचा. मी मागं उभा, हात जोडावेत की काय करावं कळेना.

तिनं सुतळी सोडली. आत तुझी टाकी. पंपाच्या खोलीला दगडांचे सांधेसुद्धा कोरलेले, नळाला पितळेची तार. तिनं ती रिकाम्या जागेवर ठेवली, बोटानं केसभर सरकवली. तिला जागा विचारावी लागली नाही. मग खुर्ची ओढून बसली, गुडघे धरले आणि म्हणाली,

"बोर्डाचं मी सांगते. आधी पाणी देतोस का, का या टाकीतलंच पिऊ?"

पत्र इथंच सोडतो. तिला पाणी द्यायचंय.

योहान